बोलता येईल एवढ्या वेगानं

हाफ मॅरेथॉनची तयारी करून घेणारा कुठलाही जाणता माणूस सुरुवातीलाच एक नियम सांगतो: पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. नुसतं हो-नाही पुरत नाही. अख्खं वाक्य, पार क्रियापदापर्यंत जायला हवं. मध्येच धाप लागून वाक्य तुटलं, की वेग जास्त झाला, कमी करा. याला शरीराचं साधं कारण आहे. बोलण्यापुरता श्वास उरतो तोवर स्नायूंना हवा तेवढा प्राणवायू मिळत असतो आणि शरीर बरीचशी चरबी वापरत बराच वेळ चालू शकतं. त्या वेगाच्या वर गेलं, की स्नायूंत नि यकृतात साठवलेली साखर भराभर संपते आणि पाय उचलेनासे होतात. हाफ म्हणजे 21 किलोमीटर आणि वर 97.5 मीटर. एवढं अंतर अंगात मुरवायचं, तर आठवड्यातलं बहुतेक पळणं असं संथ आणि बोलकं ठेवावं लागतं. घड्याळाशी झटापट एखाद्या दिवशी केली तरी पुरे.

आता हा नियम नवरा-बायकोला लावून बघा. रविवारचा लाँग रन दोन-अडीच तासांचा. म्हणजे दोन-अडीच तास एकमेकांशी बोलायचं, आणि तेही वाक्यं पुरी करून. लग्नाला वीस वर्षं उलटलेल्या माणसांना हे पळण्यापेक्षा जड जातं. घरातलं आमचं बोलणं म्हणजे निरोपांची ने-आण. सिलिंडर लावलं का, आईंची बीपीची गोळी संपत आलीय, उद्या नळाला पाणी नाही, क्लासची फी भरायची शेवटची तारीख. यातल्या एकाही वाक्याला ‘हं’पेक्षा मोठं उत्तर लागत नाही. सुरुवातीच्या रविवारी आम्हा दोघांचे विषय चौथ्या किलोमीटरला आटपायचे. मग बुटांवर एक किलोमीटर जायचा. मग काहीच नाही. आणि गप्प झालं की वेग आपोआप वाढतो, हे तेव्हा पाहिलं. गप्प माणसं भांडून निघाल्यासारखी पळतात.

मित्रमंडळी सोबत घ्यायचं खरं कारण हे होतं. बाहेर सांगताना आम्ही सुरक्षितता, शिस्त, एकमेकांना उठवणं वगैरे सांगत असू.

आमच्या संगमनेरात पळायला रस्ते बरे आहेत, फक्त हायवे टाळायचा. पुणे-नाशिक रस्त्यावरचे ट्रक पहाटे चारलाही थकत नाहीत, आणि कारखान्याचं गाळप सुरू झालं की उसाच्या जोडट्रॉल्या अंधारात अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. त्यापेक्षा अकोले रस्ता बरा. त्या रस्त्याला लागलं तर हाफचं अंतर माणसाला जवळजवळ अकोल्यात नेऊन सोडतं. सपाट आणि निवांत हवं असेल तर कालव्याच्या कडेची कच्ची वाट. चढ हवा असेल तर दक्षिणेला चंदनापुरी घाट, उत्तरेला कऱ्हे घाट. बिकट वाटेच्या नादी लागू नये, रुळलेला रस्ता सोडू नये, असं अख्ख्या महाराष्ट्राला बजावणारे शाहीर अनंत फंदी (1744–1819) याच गावचे. त्यांच्या गावची आम्ही माणसं पदरचे पैसे भरून घाट चढायला साताऱ्यापर्यंत जातो, हे त्यांना कळलं असतं तर एक फटका आमच्यावरही पडला असता.

गावाला आमच्या पळण्याची सवय व्हायला वेळ लागला. मोटरसायकलवाला थांबून विचारणार, “बसा ताई, सोडतो. कुठं जायचंय?” दूधवाला विचारणार, “शुगर निघाली का?” कारण आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणी घाम काढत नाही अशी पक्की समजूत आहे. वळलेल्या विड्या घेऊन विडीच्या कारखान्याकडे निघालेल्या बाया मात्र काही विचारत नसत, नुसत्या हसत. त्यांचं चालणं आमच्या चढावरच्या पळण्याला मागं टाकेल असं, आणि बोलणं अखंड. बोलता येईल एवढ्या वेगानं, हा नियम त्यांना कोणी शिकवलेला नव्हता.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ह्यांच्या बरोबर पळत असले की मी ‘व्यायाम करणारी’ असते. तीच मी, त्याच रस्त्यावर, तेच बूट घालून एकटी दिसले की प्रश्न होते. “सर नाही आले आज?” हा प्रश्न आपुलकीचा असतो, हे मला कळतं. पण ह्यांना कधी कोणी विचारलेलं नाही, की मॅडम कुठायत. नवऱ्याबरोबर पळण्याला आमच्या गावात हाही एक अर्थ आहे: तो बाईचा परवाना असतो. पहिले काही महिने मी तो निमूटपणे वापरला. नंतर रस्त्याला माझी सवय झाली.

तर गट. आम्ही दोघं. मेडिकलवाले भाऊजी आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी; त्या माझ्याच शाळेत गणित शिकवतात. बँकेतल्या ताई, ज्यांचे मिस्टर पळत नाहीत. ते मागून स्कूटरवर येतात, डिकीत पाण्याच्या बाटल्या, खारे शेंगदाणे, केळी, आणि ताईंना पायात गोळा आलाच तर स्प्रे. त्यांना आम्ही पळायला चला म्हणून खूप आग्रह केला. “मग तुमचं सामान कोण धरील?” एवढंच म्हणाले. आणि एक तरुण डॉक्टर जोडपं. त्यांच्याकडे पुढं येते.

गटात आल्यावर जोडप्याचं जोडपंपण विरघळतं, ही मोठी सोय. चार-सहा माणसं रस्त्यावर शेजारीशेजारी धावू शकत नाहीत. दोन-दोनच्या जोड्या पडतात, आणि त्या दर किलोमीटरला बदलतात. वहिनींना चढावर माझ्याशी बोलायचं असतं, उतारावर ताईंशी. भाऊजींना ह्यांच्याशी. आणि ह्यांच्या मनात काय चाललंय हे मला गेल्या काही वर्षांत जेवढं कळलं, त्यातलं बरंचसं हे भाऊजींना सांगत असताना कळलं. मी दोन पावलं मागे. एकदा घाटात हे त्यांना सांगत होते, की दुकानातली भागीदारी आता नको वाटते, भावाला देऊन मोकळं व्हावं. हे वाक्य स्वयंपाकघरात आलं असतं, तर मी तिथल्या तिथं विचारलं असतं, “मग घराच्या हप्त्याचं काय?” आणि विषय संपला असता. पण तिथं चढ होता आणि विचारायला माझ्याकडे श्वास नव्हता. त्यामुळे ह्यांचं सगळं बोलून झालं, पार क्रियापदापर्यंत.

पळताना समोरासमोर बघता येत नाही, याचाही उपयोग होतो. जेवणाच्या टेबलावर कठीण विषय निघाला की आपण आधी समोरच्याचा चेहरा वाचतो आणि मग वाक्य फिरवतो. रस्त्यावर दोघांचे डोळे खड्ड्यांवर. आईंना आता एकटं ठेवता येणार नाही, मुलीला इंजिनिअरिंग नको आहे, अशी वाक्यं खड्डे चुकवता चुकवता निघून जातात. उत्तर यायला शंभर मीटर लागले तरी कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. सगळं श्वासाच्या खाती जमा.

आमच्या लोकांना हे नवीन असायचं कारण नाही. त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघालेली निवृत्तिनाथांची पालखी आमच्या तालुक्यातून पुढे नगरकडे जाते. दिंडीचा वेग बघावा. अभंग म्हणता येईल, एवढाच तो असतो. कोणी गतीनं पुढे काढलं तर टाळ आणि पाय यांची फारकत होते, म्हणून कोणी काढत नाही. म्हातारा-म्हातारी शेजारी असतात किंवा नसतातही. तो विणेकऱ्याजवळ, ती तुळशीवाल्या बायांत. मुक्कामाला भेटतात. सोबत निघालेल्यांनी सतत खांद्याला खांदा लावून चालावं, अशी वारीची अपेक्षा नाही. ही अपेक्षा कुठून आली मला ठाऊक नाही, बहुतेक फोटोंमधून. अंतिम रेषा ओलांडताना हातात हात घेतलेल्या जोडप्यांचे फोटो हल्ली फार दिसतात. मला त्या फोटोंचा संशय येतो. दोन माणसांची फुप्फुसं, मांड्या आणि झोप सारखी असूच शकत नाही. म्हणजे दोघांपैकी एकानं 21 किलोमीटर स्वतःला आवरून धरलेलं आहे, किंवा दुसऱ्यानं झेपत नसताना ओढत आणलेलं आहे. दोन्हींत कोणीतरी मनात काहीतरी लिहून ठेवतं.

आमच्यात वेगाचा घोळ असा, की सुरुवातीला हे पुढे असतात आणि शेवटी मी. यात माझा पराक्रम नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतींचे निकाल अभ्यासणाऱ्यांनीही हेच टिपलंय, की पुरुष उत्तरार्धात बायकांपेक्षा जास्त मंदावतात. काही भाग स्नायूंचा आणि इंधनाचा. काही भाग सुरुवातीलाच अंगात शिरणाऱ्या आवेशाचा. ह्यांना शिट्टी ऐकली की कोणीतरी मागं लागल्यासारखं वाटतं. पहिले पाच किलोमीटर ते कोणाशीही बोलत नाहीत. बाराव्या-तेराव्याला मी त्यांना गाठते तेव्हा बोलायची इच्छा असते, श्वास नसतो.

याची जगप्रसिद्ध कथा बॉस्टनची आहे, आणि ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. 1967 सालची बॉस्टन मॅरेथॉन. वीस वर्षांची कॅथरीन स्वित्झर ‘के. व्ही. स्वित्झर’ अशा आद्याक्षरांनी नाव नोंदवून 261 क्रमांक लावून उतरली. बायकांना तिथं प्रवेश नव्हता. आदल्या वर्षी बॉबी गिब सुरुवातीच्या जागेजवळ झुडपात लपून, क्रमांकाशिवाय पळाली होती. स्वित्झर दिसताच जॉक सेंपल नावाचा आयोजक रस्त्यात उतरला आणि तिचा क्रमांक ओरबाडायला धावला. तिच्यासोबत पळणाऱ्या टॉम मिलरनं, तिच्या प्रियकरानं, सेंपलला खांद्याच्या धक्क्यानं बाजूला उडवलं. तो फोटो सगळ्या जगानं पाहिला. प्रेमिकानं प्रेयसीला वाचवलं, इथं गोष्ट थांबते.

खरी गोष्ट त्यानंतर रस्त्यावर घडली, आणि ती स्वित्झरनं स्वतःच पुढे लिहून ठेवली. मिलर धिप्पाड हातोडाफेकपटू. फारशी तयारी न करता आलेला. पोरगी पळू शकते तर आपण का नाही, असा हिशेब. धक्क्याच्या प्रकारानंतर त्याला भीती वाटली, की आता आपल्यावर कारवाई होईल आणि ऑलिंपिकची संधी जाईल. तो तिच्यावरच चिडला, तू फार हळू पळतेस असं सुनावून एकटा पुढे निघून गेला. काही मैलांनंतर तो तिला रस्त्यात चालताना दिसला. ती त्याला ओलांडून गेली आणि साधारण चार तास वीस मिनिटांत शर्यत पुरी केली. तो बऱ्याच उशिरानं पोहोचला. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं आणि काही वर्षांतच मोडलं. बायकांना बॉस्टनमध्ये अधिकृत प्रवेश 1972 साली मिळाला, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं.

पण या गोष्टीत माझा जीव मिलरमध्ये नाही, आर्नी ब्रिग्जमध्ये आहे. पन्नाशीचा माणूस, सिराक्यूस विद्यापीठात टपाल वाटणारा. बॉस्टन अनेकदा पळून आलेला. हिवाळ्यात बर्फातून संध्याकाळी तो स्वित्झरबरोबर संथ पळायचा आणि तिचं लक्ष थंडीवरून उडावं म्हणून बॉस्टनच्या जुन्या शर्यतींचे किस्से सांगायचा. एवढं अंतर बाईमाणसाला झेपणार नाही, असं त्याचंही मत होतं. फक्त त्यानं तोंडानं वाद न घालता सांगितलं, की सरावात करून दाखव, मी स्वतः तुला घेऊन जाईन. तिनं करून दाखवलं, मॅरेथॉनहून काही मैल जास्तच, आणि शेवटी भोवळ त्यालाच आली. मग तो शब्दाला जागला. स्वित्झर बॉस्टनला गेली ती त्या बर्फातल्या गप्पांच्या जोरावर. धक्का फोटोत आला. गप्पांचा फोटो निघत नाही.

आपल्याकडे जोडप्याच्या धावण्याची सगळ्यात मोठी गोष्ट घडली तेव्हा त्यातला नवरा रस्त्यावर नव्हताच. बुलढाण्याकडून पोटासाठी बारामतीला आलेलं करे कुटुंब. मजुरी करणारं. पती भगवान करे आजारी, तपासण्यांना आणि एमआरआयला पैसे नाहीत. साठी ओलांडलेल्या लताबाईंना कोणीतरी बारामतीच्या शर्यतीबद्दल सांगितलं, पहिल्या क्रमांकाला पाच हजार रुपये. ज्येष्ठांची, तीन किलोमीटरची स्पर्धा. नऊवारी नेसून, अनवाणी त्या धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि 67व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. या गोष्टीवर टाळ्या पडतात तेव्हा मी जरा अवघडते. एमआरआयसाठी साठीच्या बाईला शर्यत जिंकावी लागणं हे टाळ्यांचं कारण नाही. दुसरी आली असती तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तरी त्यातलं एक मात्र मला सोडत नाही. आमच्यासारखे लोक तीन-चार महिने आराखडे आखून, घड्याळं घालून, एनर्जी जेल खाऊन जे करतात, ते एका बाईनं घरी पडलेल्या माणसासाठी साडीचा काष्टा मारून केलं, आणि ती ‘सोबत’ नव्हती असं कोण म्हणेल?

हलकंफुलकंही सांगते, नाहीतर हा विषय फार जड व्हायचा. फिनलंडमध्ये सोन्काजार्वी नावाच्या गावी 1992 पासून बायकोला उचलून पळण्याची जागतिक स्पर्धा भरते. अंतर 253.5 मीटर, मध्ये अडथळे आणि पाण्याचा खड्डा, बक्षीस बायकोच्या वजनाइतकी बिअर. आमच्या गटात हे कळल्यावर भाऊजी म्हणाले, यात नवीन काय, आपल्याकडे जेजुरीला नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायचीच रीत आहे. वहिनींनी विचारलं, “तुम्ही किती चढला होतात?” भाऊजींनी पुढच्या वळणापर्यंत वेग वाढवला.

दोघांनी मिळून पळायला घर लागतं, हे मात्र कुठल्या आराखड्यात लिहिलेलं नसतं. आम्ही पाचला बाहेर पडतो तेव्हा आई उठलेल्या असतात. दूध तापवणं, पाणी भरणं, मुलीला उठवणं, पेपरवाल्याचे पैसे, सगळं त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर करतात आणि आम्ही घामेजून आलो की म्हणतात, “आलात का देवदर्शन करून?” ज्या घरात अशी कोणी नाही, तिथं एका वेळी एकालाच पळता येतं, आणि तो एक बहुतेक वेळा तोच असतो. शर्यतीच्या सुरुवातीला उभं राहून मागं-पुढं बघितलं की बायका इतक्या कमी का, याचं उत्तर पायांत शोधायचं नसतं.

आमचं तरुण डॉक्टर जोडपं याच पेचातलं. तीन वर्षांचा मुलगा, सासर-माहेर दोन्ही लांब. त्यांनी तोडगा काढला: एका रविवारी तो आमच्याबरोबर, पुढच्या रविवारी ती. एकाच शर्यतीची तयारी, एकच आराखडा, पण एकत्र एकही किलोमीटर नाही. आमच्या मार्फत त्यांचे निरोप चालायचे. “त्याला सांगा, गुडघ्याला पट्टी बांध म्हणावं.” “तिला म्हणावं, उतारावर फार उड्या मारतेस असं सगळे म्हणतात.” सगळे म्हणजे आम्हीच. दोघांची ड्यूटी, रात्रीच्या केसेस, मधे मूल. मला तर वाटे, की या दोघांबद्दल एकमेकांपेक्षा आम्हालाच जास्त माहिती आहे.

शर्यत आम्ही साताऱ्याची घेतली. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 मध्ये सुरू झाली आणि बघता बघता राज्यभरातून माणसं तिकडे ओढली जाऊ लागली. शहरातून निघून यवतेश्वराचा घाट चढायचा आणि त्याच वाटेनं उतरून यायचं. पावसाळ्याचे दिवस, धुकं, ओले रस्ते, दोन्ही कडेला ओरडून हिंमत देणारी सातारची माणसं, कुठे ढोल, कुठे लेझीम. आपल्या कऱ्हे-चंदनापुरीचा सराव इथं कामाला येतो, फक्त हा चढ संपतच नाही. डॉक्टरांचा मुलगा त्या दिवशी ताईंच्या मिस्टरांकडे. स्कूटर नव्हती म्हणून त्यांना हातांना काम हवंच होतं.

मी आणि ह्यांनी आधीच ठरवलं होतं, की ज्यानं त्यानं आपलं पळायचं. शिट्टी झाली आणि हे दिसेनासे झाले. जायची-यायची वाट एकच असली की एक गंमत होते: पुढे गेलेली सगळी माणसं एकदा समोरून येताना भेटतात. घाटात मी अजून चढत होते आणि वरून उतरणाऱ्यांच्या गर्दीत हे दिसले. चेहरा ओढलेला, पण पाय चालू. इतके महिने दर रविवारी दोन-दोन तास बोललेली आम्ही माणसं. त्या क्षणी वेळ होता तो फक्त एका शब्दाचा. हे ओरडले, “मीठ!” म्हणजे पुढच्या पाण्याच्या ठिकाणी मीठ लावलेली संत्र्याची फोड आहे, ती घे. मी घेतली. शेवटच्या उतारावर, शहरात शिरताना, मी त्यांना ओलांडलं. त्यांनी हात हलवून पुढे जायला सांगितलं आणि मी गेले. रागावले का? थोडे. चहा मिळेपर्यंत.

भाऊजी आले, वहिनी आल्या, ताई आल्या आणि आल्या आल्या मिस्टरांच्या हातातली बाटली आणि कडेवरचं मूल यांत गोंधळून गेल्या. डॉक्टर जोडप्याचा पत्ता नव्हता. दोघंही आमच्याहून तरुण, दोघंही आमच्याहून जलद. आम्हाला वाटलं, कोणाचा तरी पाय मुरगळला. हे परत उलटं चालत पाहायला निघाले. मुदत संपत आली, आवराआवर करणारी पोरं खुर्च्या रचायला लागली, तेव्हा ते दोघं दिसले. धडधाकट. अगदी आरामात, शेजारीशेजारी, रस्त्याच्या मधोमध, दोघांचे हात हवेत काहीतरी समजावत असलेले. चढ सुरू झाल्यावर त्यांनी एकमेकांना गाठलं होतं आणि तिथून पुढे सगळं अंतर ते बोलत आले होते. अंतिम रेषेपाशी छायाचित्रकारानं “इकडे बघा” म्हणून हाक मारली, तर तिनं त्यालाच हातानं थांबवलं, कारण नवऱ्याचं वाक्य पुरं व्हायचं होतं.

परतीला पुणे ओलांडून नारायणगाव आलं तरी गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचं चालूच होतं. मुलाला शाळेत यंदा घालायचं की पुढच्या वर्षी, तिनं एम.डी.चा पुन्हा प्रयत्न करायचा का, त्याच्या आईला इकडे आणलं तर खोली कुठली द्यायची. हे पुढून म्हणाले, “अहो डॉक्टर, पदक तरी काढा गळ्यातलं.” दोघांपैकी कोणीही ऐकलं नाही. आळेफाट्याला चहासाठी थांबलो, तेव्हा खोलीचा प्रश्न भाड्याच्या घरापर्यंत पोहोचला होता आणि घुलेवाडीत एक रिकामं आहे, एवढी माहिती वहिनींनी मध्ये घातली.